विजेच्या विहिरीचा तळ

संचय करणें हा गृहस्थाश्रमाचा धर्म आहे, आणि केलेला संचय राखणें ही त्यांतील कला आहे. धान्याची कणगी, लोणच्याची बरणी, पाण्याचा रांजण यांच्या बाबतींत ही कला आमच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविली गेली. कणगींत किती उरलें आहे हें घरांतील वडील बायका झांकण न उघडतां सांगत. आणि पुढच्या पेरणीचें बियाणें ज्या मडक्यांत असे, त्याला टंचाईच्या दिवसांतहि कोणी सहसा हात लावीत नसे. गेल्या कांहीं वर्षांत मात्र आमच्या घरांतून एक नवा रांजण येऊन बसला आहे, आणि त्याचा तळ राखण्याची रीत अजून कोणीं लावून दिलेली नाहीं. हा रांजण म्हणजे सौर विजेची बॅटरी होय. ती विकत घेतांना घरांतील चार माणसें मिळून विचार करतात. ती किती रिकामी होऊं द्यावी याचा विचार मात्र एकहि माणूस करीत नाहीं. परिणामीं अनेक वर्षें टिकावयाची वस्तु दोन पावसाळ्यांतच निकामी होते, आणि दोष सूर्याला किंवा दुकानदाराला दिला जातो.

मुरुडसारख्या गांवीं या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस फणसाडचें जंगल, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टींत नारळी-पोफळीच्या वाड्या व त्यांच्या सांवलींत वसलेलीं घरें, अशी या किनाऱ्याची ठेवण आहे. विजेच्या तारा याच झाडांमधून आणि डोंगरांवरून येतात. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलें. वाऱ्याचा वेग ताशीं १०० किलोमीटरांच्या वर गेला. मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा या भागांत सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, कौलें आणि पत्रे उडाले, खांब मोडून तारा रस्त्यावर आल्या. कित्येक गांवांत पुन्हां विजेचा दिवा लागावयास आठवडे लोटले. पुढच्याच वर्षीं, मे २०२१ मध्यें, तौक्ते वादळ याच किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेलें. तेव्हांपासून आपल्या घरापुरती कांहीं वीज आपल्याच छपराखालीं असावी असें अनेकांना वाटूं लागलें, आणि तें योग्यच आहे.

येथें एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. छपरावर सौर तक्ते असले म्हणजे सरकारी वीज गेली तरी घरांत दिवे लागतील, असें पुष्कळांना वाटतें. फेब्रुवारी २०२४ मध्यें पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाल्यापासून छपरावरील तक्ते वाढत आहेत. परंतु नुसत्या वीजमंडळाच्या तारेशीं जोडलेली साधी योजना तारेंतील वीज जातांच स्वतःहि बंद पडते. तारेवर दुरुस्ती करणाऱ्या कामगाराला आमच्या छपरावरील विजेचा धक्का बसूं नये, म्हणून तिची रचनाच तशी केलेली असते. वादळानंतरच्या अंधारांत उपयोगीं पडतें तें बॅटरीचें घर. म्हणून या लेखांत आम्ही बॅटरीचाच विचार करणार आहों. आणि त्यांतहि एकाच गोष्टीचा, ती म्हणजे बॅटरी प्रमाणाबाहेर रिती होण्यापासून कशी वांचवावी.

बॅटरीच्या पोटांत काय असतें

आमच्या भागांतील बहुतेक घरांत शिशाची बॅटरी असते. तिचा मूळ नमुना गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं तयार केला. आंत दोन प्रकारच्या पट्ट्या असतात: एक सच्छिद्र शिशाची आणि दुसरी शिशाच्या तपकिरी ऑक्साइडची. दोन्ही पट्ट्या पाणी मिसळलेल्या गंधकाम्लांत बुडालेल्या असतात. आपण दिवा लावतों तेव्हां आम्लांतील सत्त्व पट्ट्यांकडे जातें, दोन्हींवर शिशाच्या सल्फेटचा बारीक थर धरतो, आणि उरलेलें द्रव पाण्याच्या जवळ जवळ जातें. सूर्य उगवून तक्त्यांतून वीज येऊं लागली म्हणजे हीच क्रिया उलट होते; थर विरघळतो आणि आम्लाला पुन्हां तेज चढतें. तेव्हां बॅटरींत वीज भरलेली असते असें म्हणणें केवळ सोयीचें आहे. खरोखर तेथें एक रासायनिक देवघेव चाललेली असते, आणि ती उलटी फिरवितां येण्याजोगी आहे तोंवरच बॅटरी जिवंत आहे.

ही देवघेव तळापर्यंत नेली म्हणजे तीन अपाय होतात. पहिला असा कीं, सल्फेटचा ताजा थर मऊ व सूक्ष्म असतो, तो सहज विरघळतो. पण तो जाड झाला आणि बॅटरी तशीच दिवसेंदिवस रिकामी पडून राहिली, तर त्याचे मोठे, कठीण स्फटिक बनतात. ते पुढें कितीहि ऊन मिळालें तरी पुरते विरघळत नाहींत. पट्टीचा तेवढा भाग कायमचा बाद होतो. दुसरा अपाय असा कीं, सल्फेटला शिशापेक्षां अधिक जागा लागते. खोल रितें होतांना पट्ट्यांवरील लगदा फुगतो, भरतांना आकसतो, आणि या ओढाताणींत सुटा होऊन तळाशीं गाळ सांचतो. तिसरा अपाय सर्वांत छुपा आहे. बारा व्होल्टच्या बॅटरींत दोन दोन व्होल्टचे सहा घट एका ओळींत जोडलेले असतात, आणि सहाहि घट कधींच सारखे बळकट नसतात. त्यांतील दुबळा घट आधीं संपतो. पण उरलेले पांच घट त्याच्यांतून प्रवाह ढकलीतच राहतात, आणि त्याची धन-ऋण बाजू उलटी होऊं लागते. एकत्र कुटुंबांत अशक्त माणसावर सगळ्यांच्या बरोबरीचें ओझें लादलें म्हणजे जें होतें, तेंच येथें होतें.

मुरुडच्या वाडीवाल्यांना ही गोष्ट आम्ही निराळ्या रीतीनें समजावून सांगूं. समुद्राकांठच्या विहिरींत गोडें पाणी असतें तें खालच्या खाऱ्या पाण्यावर तोललेलें असतें. पूर्वी रहाटावर पाणी काढीत तेव्हां बैल थकत, आणि विहिरीला झरा भरून घ्यावयास अवकाश मिळे. पंप आल्यावर बैलाची दमछाक गेली आणि तिच्याबरोबर विहिरीचा विसांवाहि गेला. झऱ्याच्या शक्तीबाहेर उपसा झाला कीं खालचें खारें पाणी वर चढतें आणि विहीर मचूळ होते. एकदां मचूळ झालेली विहीर एका पावसानें पहिल्यासारखी होत नाहीं. विहिरीच्या तळाशीं असलेलें पाणी आपल्या डोळ्यांना पाणीच दिसतें. परंतु तें वापरण्यासाठीं नसून वरचें पाणी गोडें राखण्यासाठीं असतें. बॅटरीचा खालचा अर्धा भागहि तसाच आहे. तो आपला नव्हे, तो बॅटरीचा आहे.

पातळी कशी ओळखावी

रोजच्या व्यवहारांत शिशाची बॅटरी अर्ध्यापेक्षां खालीं जाऊं देऊं नये, हा साधा नियम घरांत पाळावा. अडीअडचणीला एखादे वेळीं अधिक काढली तर ती मरणार नाहीं; पण जितकें खोल जावें तितकें तिचें आयुष्य कमी होतें.

अर्धें म्हणजे किती, हें कळण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला व्होल्टमापकाचा. दिवे-पंखे बंद करून आणि तक्त्यांकडून वीज येत नसतांना कांहीं तास बॅटरीला स्वस्थ ठेवावें. पहाटेची वेळ यास उत्तम. त्या वेळीं बारा व्होल्टची बॅटरी सुमारें १२.६ दाखवील तर ती भरलेली आहे, १२.२ च्या आसपास दाखवील तर अर्धी आहे; ११.८ दाखवील तर तळ लागला आहे. भरदुपारीं, चार्जिंग चालू असतां, कांटा १४ च्या जवळ जातो. त्यावरून बॅटरी भरली असें समजणें म्हणजे पाहुण्यांसमोर झालेल्या थाटावरून घराची श्रीमंती ठरविणें आहे. उलट मिक्सर फिरत असतां व्होल्ट एकदम खालीं येतात. तेंहि खरें दारिद्र्य नव्हे.

दुसरा मार्ग आम्लाचें विशिष्ट गुरुत्व मोजण्याचा. त्यासाठीं रबरी फुगा लावलेली कांचेची नळी मिळते. इन्व्हर्टरच्या मोठ्या बॅटरींत, ती भरलेली असतां, हा आंकडा १.२४ च्या आसपास असतो, आणि तळ लागला म्हणजे तो १.१२ च्या जवळ उतरतो. आपल्या बॅटरीवर कारखानदारानें छापलेला आंकडा प्रमाण मानावा. या मार्गाचा मोठा फायदा असा कीं, सहाहि घट निरनिराळे तपासतां येतात आणि दुबळा घट वेळींच ओळखूं येतो. आम्ल अंगावर उडूं नये म्हणून डोळ्यांना चष्मा आणि हातांत रबरी मोजे घालावे. घटांत भर घालावयाची ती केवळ ऊर्ध्वपातित पाण्याची. विहिरीच्या पाण्याची नव्हे. खाऱ्या पाण्याचा तर थेंबहि आंत जातां कामा नये, कारण त्यांतील मिठापासून विषारी क्लोरीन वायु सुटूं शकतो.

रक्षक यंत्र आणि त्याची मर्यादा

तक्ते आणि बॅटरी यांच्यामध्यें चार्ज कंट्रोलर नांवाची लहानशी पेटी बसवितात. ती दोन कामें करते: भरलेल्या बॅटरींत अधिक वीज कोंबूं देत नाहीं, आणि बॅटरीचे व्होल्ट ठराविक मर्यादेखालीं गेले कीं दिव्यांची तार तोडते. ही मर्यादा बहुधा ११ व्होल्टच्या थोडी वर ठेवलेली असते. तोडलेली तार ती लगेच जोडीत नाहीं. बॅटरी चांगली भरून व्होल्ट साडेबाराच्या आसपास येईपर्यंत वाट पाहते. या थांबण्यालाच पुष्कळ लोक यंत्राचा बिघाड समजतात, आणि कोणातरी हौशी माणसाला बोलावून पेटीला वळसा घालणारी तार टाकून घेतात. हा उपाय पहारेकऱ्याचे हात बांधून घर सुरक्षित झालें असें मानण्यासारखा आहे.

दुसरी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. पेटीवर तक्ते, बॅटरी आणि दिवे अशा तीन जोड्या असतात. जें दिव्यांच्या जोडीला लावलें असेल तेवढ्याचेंच रक्षण ही पेटी करते. इन्व्हर्टर बहुतेक घरांत जाड तारांनीं सरळ बॅटरीलाच जोडलेला असतो. त्याला स्वतःची मर्यादा असते, पण ती पुष्कळदां साडेदहा व्होल्टच्या जवळ ठेवलेली असते. मोठा भार चालू असतां ती ठीक आहे, कारण भाराखालीं व्होल्ट दबलेले असतात. परंतु रात्रभर एखादाच लहान दिवा जळत राहिला, तर व्होल्ट दबत नाहींत. साडेदहाचा आंकडा दिसेपर्यंत बॅटरी पुरती संपलेली असते. मोठा खर्च घराला जागें करतो आणि बारीक गळती घर बुडविते, हा संसारांतला अनुभव येथेंहि खरा ठरतो. म्हणून इन्व्हर्टर घेतांना त्याची तोडमर्यादा वाढवितां येते कीं नाहीं हें विचारून घ्यावें. येत नसेल तर निराळें तोडयंत्र मिळतें तें बसवावें.

पावसाळ्याचा हिशेब

अंथरूण पाहून पाय पसरावे असें आपण म्हणतों. पण अंथरुणाची लांबी मोजल्याविना तें साधत नाहीं. बारा व्होल्ट व १५० अँपिअर-तासांची बॅटरी घेऊं. गुणाकार केला असतां १,८०० वॉट-तास होतात. त्यांतील अर्धे, म्हणजे ९००, आपले. नऊ वॉटचे पांच दिवे चार तास लावले तर १८०; तीस वॉटचे नव्या पद्धतीचे दोन पंखे आठ तास चालविले तर ४८०; फोन भरण्यास ६०; एकूण ७२०. इन्व्हर्टरमध्यें वायां जाणारा भाग धरला कीं सुमारें ८५०. जुन्या पद्धतीचा पंखा ७५ वॉट खातो. तसे दोन असतील तर एकट्या पंख्यांनाच १,२०० लागतील आणि सगळा हिशेब कोलमडेल. इस्त्रीचें तर नांवच काढूं नये. त्यांतहि थोड्या वेळांत जोरानें वीज ओढली असतां बॅटरी एकंदरींत कमीच देते. प्यॉकर्ट या जर्मन शास्त्रज्ञानें हें १८९७ सालींच मांडलें होतें.

वैशाखांत हा संसार सुखानें चालतो, कारण रोजचा खर्च रोज भरून निघतो. खरी परीक्षा आषाढांत होते. समजा, वादळानें तार तुटली आहे, आभाळ भरलेलें आहे, आणि तक्त्यांतून दिवसाकाठीं अवघे ३०० वॉट-तास येत आहेत. खर्च ८५० चा ठेवला तर रोजची तूट ५५० ची. ९०० ची पुंजी दुसरा दिवस मावळण्यापूर्वींच संपते. आतां तेंच घर तीन दिवे, एक पंखा आणि मोजकेच फोन यांवर आलें, तर नासाडी धरून खर्च ४५० होतो. रोजची तूट १५० ची राहते आणि तीच पुंजी सहा दिवस पुरते. खर्च निम्मा केला आणि दिवस जवळ जवळ चौपट झाले! परंतु काम नसतांनाहि इन्व्हर्टर चालूच ठेवला, आणि तो नुसता बसून दहा वॉट खात राहिला, तर उरलेल्या सोळा तासांत १६० वॉट-तास जातात. मग सहाचे तीनच दिवस उरतात. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? म्हणून वादळाची सूचना मिळतांच, अंधार पडण्याची वाट न पाहतां, पहिल्याच संध्याकाळीं काटकसर सुरू करावी. तिसऱ्या दिवशीं केलेली काटकसर ही काटकसर नसून निरुपाय असतो.

इतकेंहि करून तळ लागलाच, तर पहिलें ऊन बॅटरीचें. ती पुरती भरेपर्यंत दिवसां घरांत कांहींहि चालवूं नये. रिकाम्या अवस्थेंतील प्रत्येक दिवस त्या स्फटिकांना कठीण करीत असतो.

लिथियमची नवी बॅटरी

अलीकडे शिशाऐवजीं लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी घेण्याकडे कल आहे. ती हलकी असते, अधिक टिकते, आणि तिच्यांतील पुष्कळसा सांठा निर्धास्तपणें वापरतां येतो. पण तळाचा नियम तिलाहि चुकलेला नाहीं. तिचे घट ३.२ व्होल्टचे असतात. ते अडीच व्होल्टच्या फार खालीं गेले तर आंतील तांब्याचा पातळ पत्रा विरघळूं लागतो, आणि पुन्हां भरतांना तें तांबें भलत्या जागीं सांचून घट आंतल्या आंत जोडला जाण्याचा धोका असतो. म्हणून अशा बॅटरींत तोडयंत्र कारखान्यांतूनच बसवून येतें. त्यानें तार तोडली असतां बाहेरून जबरदस्तीनें वीज घालूं नये, जाणकारास दाखवावें. शिवाय हिचे व्होल्ट शेवटपर्यंत जवळ जवळ सारखेच राहतात, त्यामुळें कांट्यावरून पातळी कळत नाहीं. हिच्यासाठीं आलेल्या-गेलेल्या विजेची वही ठेवणारा मापक घ्यावा.

मुरुडला घर आणि मुंबई-पुण्यास बिऱ्हाड, अशी स्थिति असलेल्या कुटुंबांनीं आणखी एक काळजी घ्यावी. गणपती किंवा मे महिन्याची सुटी संपवून घराला कुलूप लावतांना इन्व्हर्टर व दिव्यांच्या तारा बॅटरीपासून सोडवाव्या. शिशाची बॅटरी पूर्ण भरून, पाणी पाहून, तक्त्यांशीं जोडलेली ठेवावी. लिथियमची निम्म्याच्या आसपास भरून वेगळी ठेवावी. खाऱ्या हवेनें जोड गंजूं नयेत म्हणून त्यांना व्हॅसलीन चोपडावें. चालू राहिलेला एक लहानसा दिवाहि चार महिन्यांच्या बंद घरांत बॅटरीचा घात करण्यास पुरेसा आहे.

घराचा नियम

यंत्राचा हा सर्व विचार झाला तरी मुख्य गोष्ट राहतेच. बॅटरी कोणी एक माणूस रिती करीत नाहीं. सगळें घर मिळून करतें, आणि म्हणून ती कोणाचीच जबाबदारी होत नाहीं. त्यांतहि एक अन्याय घडतो, तो आमच्या वाचकांनीं ध्यानांत घ्यावा. संध्याकाळपासून माजघरांत दूरदर्शन चालतें, ओटीवर पंखा फिरतो, मुलांचे फोन भरले जातात. आणि रात्रीं दहाच्या सुमारास यंत्र तार तोडतें तेव्हां काळोख होतो तो स्वयंपाकघरांत, जेथें घरच्या सुना अजून मागचें आवरीत असतात. ज्यांनीं सर्वांत कमी वीज वापरली, त्यांच्याच वांट्याला अंधार येतो. म्हणून स्वयंपाकघराचा, जिन्याचा आणि न्हाणीघराचा दिवा यांची तार निराळी काढावी आणि ती सर्वांत शेवटीं तुटेल अशी व्यवस्था करावी. पंखे व करमणुकीचीं साधनें आधीं बंद व्हावींत. दोन निरनिराळ्या मर्यादांचीं तोडयंत्रें बसविलीं असतां हें काम आपोआप होतें.

दुसरा नियम पहाटेच्या नोंदीचा. घरांतील एका मुलानें किंवा मुलीनें रोज पहाटे व्होल्ट पाहून भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहावे. आंकडा १२.२ च्या खालीं उतरला कीं त्या दिवशीं कोणतीं साधनें बंद राहतील हें आधींच ठरलेलें असावें, आणि तो नियम घरच्या वडिलांनाहि लागू असावा. वडिलांनींच तो मोडला तर मुलें पाळणार नाहींत, हें सांगावयास नकोच.

राखून ठेवलेला खालचा सांठा कशासाठीं, असें कोणी विचारील. घरांत दम्याचे आजोबा असतील आणि वादळाच्या रात्रीं त्यांना वाफाऱ्याचें यंत्र लावावें लागलें, तर शंभर वॉटचें तें यंत्र पाव तासांत अवघे २५ वॉट-तास घेतें. एका जुन्या पंख्याला वीस मिनिटांना लागते तेवढीच ही वीज. परंतु ती नेमक्या त्या घटकेला असावी लागते. बियाण्याच्या मडक्याला हात लावावयाचा असा प्रसंग क्वचित् येतो. आणि तो येईल तेव्हां मडक्यांत बियाणें आहे असा विश्वास ज्या घराला असेल, तेथें खरा संचय झाला असें समजावें. तक्ते किती मोठे आणि बॅटरी किती महाग, हें त्यापुढें गौण आहे. तळें राखील तो पाणी चाखील, ही म्हण राखणदाराच्या लाभाविषयीं आहे. विजेच्या या लहानशा तळ्याचे राखणदार आणि धनी आपण स्वतःच आहों, एवढें लक्षांत ठेवलें म्हणजे पुरे.